बंद कॅबिनेटमधली हवा: अकोल्यातल्या एका एडिटिंग मशीनच्या नोंदी

६ एप्रिल

मशीन म्हणजे मामेभावाच्या स्टुडिओतला कॉम्प्युटर. लग्नाचे व्हिडिओ, प्री-वेडिंग, अल्बम, सगळं याच्यावरच होतं. आत रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं ग्राफिक कार्ड, प्रोसेसरवर १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर. कॅबिनेट, म्हणजे हे सगळं ज्यात बसवलंय ते खोकं, पुढून काचेचं, काचेमागे तीन दिव्यांचे पंखे, मागच्या बाजूला एक. मामेभावाची, म्हणजे दादाची, तक्रार एका वाक्याची: "सकाळी बरोबर चालते, मग दुपारीच काहून अटकते हे?" तीच टाइमलाइन एक्सपोर्ट करायला, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला, सकाळी २६ मिनिटं लागतात आणि दुपारी तीनला ३१. लग्नसराई तोंडावर आहे, तेव्हा ही पाच मिनिटं प्रत्येक कामात जाणार.

भर दुपारी एक्सपोर्ट चालू असताना आतली तापमानं दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम उघडून बसलो. प्रोसेसर ८९ अंश. एएमडीने या प्रोसेसरची मर्यादा ९० ठेवली आहे, म्हणजे तो अगदी काठावर. ग्राफिक कार्ड ८४ वर आणि त्याचा वेग पायरीपायरीने खाली येतोय. बिघाड कशातच नाही. उष्णता बाहेर पडत नाही म्हणून दोघंही स्वतःला जपतायत.

पुढच्या सगळ्या नोंदींसाठी एक पद्धत ठरवली. प्रोसेसर किती अंशांवर चालतो हे सगळे सांगतात, तेव्हा खोली किती अंशांवर होती हे सहसा कोणी सांगत नाही. जानेवारीतल्या पुण्यातले ७० आणि एप्रिलमधल्या अकोल्यातले ८६ एकाच कॅबिनेटचे असू शकतात. म्हणून दर वेळी खोलीचं तापमान आधी लिहायचं आणि मग आतल्या हवेचं. कॅबिनेटच्या हातात तेवढंच आहे: आतली हवा खोलीच्या हवेच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवायची. त्यापुढचं काम हीटसिंकचं, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचं.

मोजायला फिश टँकसाठी मिळतात ते वायरवाले डिजिटल थर्मामीटर आणले. स्वस्त असतात आणि आपसात एखाद्या अंशाने भांडतात. सगळ्यांच्या टोकाचे सेन्सर एकाच ग्लासातल्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवले, ज्याचा जेवढा फरक तेवढा त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहिला. आता ते एकमेकांशी ताडून वापरता येतील. एक प्रोसेसरच्या कूलरसमोर, एक ग्राफिक कार्डाच्या पंख्यांखाली, एक मागच्या पंख्याच्या तोंडाशी आणि एक कॅबिनेटच्या पुढे.

८ एप्रिल

खोली ३६. कॅबिनेटच्या पुढे लावलेला थर्मामीटर मात्र ४१ दाखवतोय.

कारण टेबल. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला सीपीयूसाठी म्हणून एक कप्पा असतो, दोन्ही बाजूंनी आणि मागून प्लायने बंद. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा प्लायवर आपटते, कॅबिनेटच्या कडेकडेने पुढे येते आणि पुढचे पंखे तीच पुन्हा आत ओढतात. मशीन बाहेर काढून टेबलाशेजारी एका लाकडी पाटावर ठेवलं, मागे वीतभर जागा सोडली. पुढची हवा लगेच खोलीइतकी झाली. पाट एवढ्यासाठी की एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, खालून हवा घेतो, आणि सतरंजीवर ठेवलं की त्याचं तोंडच बंद होतं.

अर्धा तास पूर्ण भार देऊन आकडे स्थिरावल्यावर: कार्डाखालची हवा ४९, प्रोसेसरच्या कूलरसमोरची ५१, मागून बाहेर पडणारी ५४. कार्ड ८२, प्रोसेसर ८६. कप्प्यात असताना आतली हवा याहून चार अंश जास्त होती. एक पैसा खर्च न करता तेवढे उतरले.

दादाला मशीन कप्प्यातच हवं आहे, कारण पोरं पायाने वायरी ओढतात. त्याचं म्हणणं रास्त आहे. मागच्या प्लायला कापून मोठी खिडकी करायची असं ठरलं. सुताराला निरोप दिला.

९ एप्रिल

आज मशीनला हात लावला नाही, फक्त हिशोब. आत किती हवा खेळते हे पंख्याच्या खोक्यावरच्या आकड्यावरून कळत नाही, पण उष्णतेवरून काढता येतं. भिंतीच्या सॉकेटला लावायच्या वीजमापकावर पूर्ण भाराला ३५५ वॉटच्या आसपास येतात. त्यातली काही वीज एसएमपीएस स्वतःच गरम होण्यात घालवतो, आणि तो खाली वेगळ्या कप्प्यात असल्यामुळे त्याची उष्णता थेट मागे जाते. म्हणजे मुख्य भागात साधारण ३१० वॉट उष्णता सुटते.

हवेसाठीचं सूत्र सोपं आहे: वॉटला तापमानवाढीने भागा आणि १.७६ ने गुणा, की दर मिनिटाला लागणारे घनफूट, म्हणजे पंख्यावर लिहितात ते सीएफएम, मिळतात. आत शिरणारी हवा ३६, बाहेर पडणारी ५४, वाढ १८ अंश. ३१० भागिले १८ गुणिले १.७६, म्हणजे ३० सीएफएम. पत्र्यातून थोडी उष्णता परस्पर जाते, त्यामुळे खरा आकडा यापेक्षाही थोडा कमीच असणार.

पुढे तीन पंखे आणि मागे एक, आणि सगळे मिळून तीस! कॅबिनेटसोबत येतो तसला एक साधा पंखा मोकळ्या हवेत एकटाच याहून जास्त ओढतो. दादा दोन पंखे आणखी लावू म्हणत होता. हा आकडा दाखवून त्याला थांबवलं. आहेत त्या पंख्यांनाच हवा मिळत नाही, तिथे आणखी पंख्यांची भर कशाला?

१२ एप्रिल

अगरबत्तीचा दिवस. खोलीतला पंखा बंद, खिडकी बंद, दिवा मालवून मोबाईलचा टॉर्च आडवा धरला. धूर अशा उजेडात अगदी स्पष्ट दिसतो. मशीन पूर्ण भारावर.

पुढच्या काचेच्या दोन्ही कडांना उभी फट आहे, तेवढाच हवेचा रस्ता. अगरबत्ती फटीच्या वरच्या भागाशी नेली की धूर वळून आत जातो, पण सावकाश. तळाशी नेली तर धुराला कसलीच ओढ नाही, तो सरळ वर जातो. म्हणजे ग्राफिक कार्डाला ज्या पंख्याने हवा द्यायची, तो तळाचा पंखा जवळजवळ उपाशी फिरतोय.

मग मागची बाजू. मागच्या पंख्याच्या खाली विस्तार-स्लॉटच्या, म्हणजे जादा कार्डं बसवायच्या जागांच्या, पट्ट्या असतात, त्यांना बारीक भोकं. तिथे अगरबत्ती धरली तर धूर आत ओढला गेला. बाहेर यायला हवा होता. याचा अर्थ आत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी आहे: मागचा पंखा जेवढी हवा फेकतो तेवढी पुढून येत नाही, म्हणून मशीन मिळेल त्या भोकातून हवा ओढतंय. आणि ही भोकं गरम हवा फेकणाऱ्या पंख्यापासून जेमतेम वीतभर खाली. शिवाय या वाटेला फिल्टर नाही. त्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर काळ्या मातीची धूळ आणि कापसाचे तंतू यांचा जाड थर निघाला.

तिसरी गोष्ट धुराने दिसली नसती, ती थर्मामीटरने सापडली. सेन्सरचं टोक काच आणि पंखे यांच्या मधल्या पोकळीत सरकवलं. फटीपाशी हवा ३६, पोकळीत ४२. पंख्यांपर्यंत पोचायच्या आधीच सहा अंश कुठून आले? पंखे ज्या पत्र्यावर बसवले आहेत त्याला वायरींसाठी, मोठ्या पंख्यांसाठी, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यासाठी अशी मोकळी भोकं आहेत. पुढून हवा मिळेना, की पंखे या भोकांतून आतलीच गरम हवा पुढच्या पोकळीत खेचतात आणि पुन्हा आत ढकलतात. पंखा फिरतो, दिवे चमकतात, आणि तीच हवा गोल गोल फिरत राहते.

१३ एप्रिल

फूटपट्टी घेऊन बसलो. फट ६ मिमी रुंद, ३८ सेंमी लांब, दोन्ही बाजू मिळून साधारण ४६ चौरस सेंमी. १२० मिमी पंख्याची मधली गोल मोटर वगळली तर एका पंख्याचं हवा ओढणारं तोंड ९० चौरस सेंमीच्या थोडं वर, तिन्हींचं मिळून पावणेतीनशेच्या आसपास. म्हणजे पंख्यांच्या तोंडाच्या एक षष्ठांश वाट, आणि ती हवासुद्धा काटकोनात वळून आत जाते. मॉडेल कोणतं हे लिहीत नाही. या धाटणीची कॅबिनेटं बाजारात ढिगाने आहेत आणि दुकानात दिव्यांवरच विकली जातात.

काच पूर्ण काढून तोच अर्धा तास, खोली ३६ च: कार्डाखालची हवा ४२, कूलरसमोर ४२, मागे ४५. कार्ड ७६, प्रोसेसर ७८. हिशोबाने ६० सीएफएम, म्हणजे दुप्पट. पंखे तेच, वेग तोच.

इंटेलने २००० नंतरच्या दशकात कॅबिनेट बनवणाऱ्यांना एक मर्यादा घालून दिली होती: खोली ३५ अंशांवर असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ च्या वर जाऊ नये. पेंटियम ४ च्या काळातल्या कॅबिनेटांच्या बाजूच्या पत्र्याला गोल जाळी आणि आत प्लॅस्टिकची नळी असायची, ती यासाठीच. बाहेरची ताजी हवा थेट प्रोसेसरवर. ती पांढरी-करडी खोकी दिसायला साधी होती, पण तीन अंशांचा तो नियम मला आजही योग्य वाटतो. आपल्या मशीनमध्ये काच असताना हा फरक पंधरा होता. विदर्भात तर खोलीच पस्तीसच्या पुढे असते, इथे वाया घालवायला एक अंशही नाही.

बाजूची काच काढून मशीन उघडंच चालवावं असा सल्ला पुष्कळ जण देतात. दोष कॅबिनेटचा की कूलरचा, हे पाच मिनिटांत ओळखायला तो प्रयोग उत्तम आहे. कायमचा उपाय म्हणून मला तो मान्य नाही. धूळ चारही बाजूंनी येते, आणि मदरबोर्डावरच्या वीज पुरवणाऱ्या भागावरून जी हवा वाहायला हवी ती वाहत नाही.

१७ एप्रिल

जाळी तयार. १ मिमी ॲल्युमिनियमचा भोकं पाडलेला पत्रा, भोक ३ मिमी, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ४ मिमी, भोकं एकाआड एक. अशा पत्र्याची मोकळी जागा काढायला भोकाचा व्यास भागिले अंतर, त्याचा वर्ग, गुणिले ९०.७ टक्के: म्हणजे ५१ टक्के. फॅब्रिकेशनवाल्याकडे २ मिमी भोक आणि ३ मिमी अंतराचाही पत्रा होता, दिसायला जास्त सुबक, पण त्याची मोकळी जागा ४० टक्केच भरते. ३ मिमीचाच घेतला. पुढचा भाग २० बाय ४० सेंमी, म्हणजे चारशे चौरस सेंमीच्या वर मोकळी वाट. आधी ४६ होती.

काचेच्या चौकटीच्या मापाने कापून, कडा कानशीने घासून, काळा मॅट रंग मारून बसवली. दादा आधी खट्टू होता. पत्र्याआडून पंख्यांचे दिवे दिसतात हे पाहिल्यावर त्याची कळी खुलली.

जाळीच्या आत मॅग्नेटवाला नायलॉन फिल्टर. फिल्टर हवेला अडवतोच, त्याला इलाज नाही. बारीक धूळ त्यातून जाणारच. आपल्याकडे अडवायचे आहेत ते तंतू, केस आणि कापसाचा भुरका, कारण हीटसिंकच्या पात्यांमध्ये आधी तेच अडकतात आणि मग त्यांच्यावर धूळ धरते. तेवढं काम हा फिल्टर करतो.

त्याच बैठकीत पंख्यांभोवतीची सगळी भोकं खिडक्या-दारांना लावतात त्या फोमच्या पट्टीने आणि काळ्या टेपने बुजवली. पोकळीतली हवा आता खोलीपेक्षा जेमतेम एक अंश जास्त. या पट्टीला चहा-नाश्त्याएवढा खर्च आला आणि कार्ड दोन अंशांनी उतरलं.

२१ एप्रिल

आता, वाट मोकळी झाल्यावर, पंख्यांचा विचार.

पुढच्या तीन जागी आर्क्टिक पी१२ लावले. दादाचे दिव्यांचे पंखे मागच्या आणि छताच्या जागेसाठी ठेवले. पी१२ वर ५६.३ सीएफएम आणि २.२ मिमी पाणी-दाब असे दोन आकडे असतात. पहिला पुढे काहीच अडथळा नसतानाचा, दुसरा वाट पूर्ण बंद असतानाचा. प्रत्यक्षात पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. जाळी आणि फिल्टरमागे ज्याला बसायचं आहे त्याचा दुसरा आकडा चांगला हवा, एवढं पाहून निवडले.

छतावर तीन पंख्यांची जागा आहे. दुकानदार तिन्ही भरा म्हणाला. करून पाहिलं. छताच्या पुढच्या जागी हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच वर निघून जाते. बाजूच्या काचेतून अगरबत्तीचा धूर पाहिला: पुढच्या वरच्या पंख्यातून आलेला झोत मध्यातच वळून छताला. कूलरसमोरची हवा दीड अंश वाढली. तो पंखा काढला आणि तिथल्या छताच्या जाळीवर प्लॅस्टिकची पातळ शीट लावून ती बंद केली. छतावर फक्त मागच्या जागी एक ठेवला, प्रोसेसरच्या कूलरच्या पलीकडे, म्हणजे गरम हवा कूलरमधून बाहेर पडल्यावरच उचलली जाते.

आता पुढून तीन आत, मागे आणि वर मिळून दोन बाहेर. स्लॉटच्या पट्ट्यांपाशी अगरबत्ती धरली, धूर बाहेर ढकलला जातो. आतला दाब किंचित जास्त आहे, म्हणजे धूळ फिल्टरच्याच वाटेने येईल.

वायरी मागच्या बाजूने घेऊन टायने बांधल्या. यामुळे तापमानात फरक पडतो म्हणतात, मला मोजण्याइतका दिसला नाही. पुढच्यांना साफ करायला सोपं जातं, म्हणून बांधायच्या.

२८ एप्रिल

बाहेर ४३. स्टुडिओत डेझर्ट कूलर लागला. खोली ३८ वरून ३१ वर आली आणि मशीनचे सगळे आकडे तेवढ्याच अंशांनी खाली. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मशीनला याहून स्वस्त मदत कशाची होणार?

दोन जणांनी फोन करून विचारलं, की ओलसर हवेने मशीन खराब नाही का होणार. मशीन चालू असताना आतला प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे आत पाणी सुटायचा प्रश्न येत नाही. पाणी सुटतं ते थंड पृष्ठभागावर. हवा आत जाऊन तापली की तिचा दमटपणा उलट कमीच होतो.

खरी काळजी वेगळी आहे. कूलरचा झोत अगदी समोरून येत असेल तर हवेसोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. तुषार वाळले की मागे पांढरा थर राहतो. कूलरच्या चौकटीवर, गवताच्या ताट्यांवर तो धरतोच, मदरबोर्डवर धरू द्यायचा नाही. कूलर मशीनच्या थेट रेषेतून बाजूला केला, झोत भिंतीला लागून वळेल असा. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितलं, नाहीतर कूलर तीच ओली हवा फिरवत बसतो आणि खोली थंड होत नाही.

३ मे

आवाजाचं काम. आवाज संकलन करताना दादाला पंख्यांची घरघर नको असते.

पंख्याचे नियम इथे आपल्या बाजूने आहेत. मिनिटाला १८०० फेऱ्यांवरून १२०० वर आणलं तर हवा दोन तृतीयांश राहते, पण पंख्याला लागणारी शक्ती तीस टक्क्यांवर येते आणि आवाज नऊएक डेसिबलने उतरतो. पाच पंखे मंद फिरवणं हे दोन पंखे जोरात फिरवण्यापेक्षा कधीही बरं. आता वाट मोकळी असल्यामुळे मंद पंख्यालाही हवा मिळते. काचेमागे हे जमलंच नसतं, कारण वेग दोन तृतीयांश केला की दाब निम्म्याहून खाली जातो.

बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. रायझनचं तापमान स्क्रीनवर नुसती एखादी विंडो उघडली तरी क्षणात दहा अंश वर उडी मारतं आणि पंखे उगाच गुरगुरतात. फॅन कंट्रोल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये पुढचे पंखे ग्राफिक कार्डाच्या तापमानाला बांधले. कार्ड सावकाश तापतं, सावकाश निवतं, पंखेही तसेच सावकाश चढतात.

शिवाय कार्डाची वीजमर्यादा १७० वॉटवरून १४५ वर आणली. एक्सपोर्टचा वेळ अर्ध्या मिनिटानेही वाढला नाही. जी उष्णता आत तयारच होत नाही ती बाहेर काढायलाही लागत नाही, त्यामुळे हा बदल मी आता प्रत्येक उन्हाळी मशीनला सुचवणार.

१४ मे

बाहेर ४४, वीज गेल्याने डेझर्ट कूलर तासभर बंद, मशीन इन्व्हर्टरवर. मुद्दाम याच वेळी मोजलं. खोली ३८. कार्डाखालची हवा ४२, प्रोसेसरच्या कूलरसमोर ४३, मागून ४६. कार्ड ७३, प्रोसेसर ७८. सुताराने प्लायला खिडकी पाडल्यापासून मशीन परत कप्प्यात आहे, हे आकडे कप्प्यातलेच. बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा आठ अंश जास्त, हिशोबाने साठ सीएफएमच्या वर, आणि पंखे बाराशेच्या आसपास. तीच टाइमलाइन दुपारी तीनला २६ मिनिटांत.

फिल्टर काढून उजेडात धरला. तळाच्या एक तृतीयांश भागावर करडा थर, वरचा बराच स्वच्छ. जमिनीलगतची धूळ जास्त, म्हणून पाटाची उंची अजून चार बोटं वाढवायची. फिल्टर नळाखाली धुवून सावलीत वाळवायचा, दर पंधरवड्याला, हे टेबलाच्या आतल्या बाजूला लिहून चिकटवलं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरायची, झोताने भरधाव फिरू द्यायची नाहीत, हेही त्याखाली.

राहिलेलं काम: फाइली साठवणारा एनव्हीएमई एसएसडी ग्राफिक कार्डाच्या बरोबर खाली आहे, मोठी फाइल लिहिताना ६९ पर्यंत जातो. त्याला पातळ हीटसिंक मागवला आहे. त्यासाठी कार्ड काढावं लागेल, आणि मशीन आता लग्नाच्या तारखा संपेपर्यंत मोकळं मिळणार नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात बसवू, त्याच वेळी प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही बदलून घेऊ.